गुरुवारचं वाटाण्याचं सूप

एर्की सालोवारांच्या स्वयंपाकघरातल्या खणात, कॉफी गाळायच्या कागदांखाली, चौदा महिने एक पत्र पडून होतं. उत्तर न दिलेलं. सालोवारांनी हाविस्तो गावच्या सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं काढली होती. ‘पान बाहत्तरवर कोणीतरी जॅम सांडलाय’ असल्या तक्रारीलाही ते तीन दिवसांत लेखी उत्तर देत. अशा माणसाला हे शोभणारं नव्हतं. रोज सकाळी गाळणीचा कागद काढताना बोटं त्या पाकिटाला लागत, आणि रोज ते स्वतःला सांगत, आज नको, उद्या.

पत्र लहानसंच होतं. विद्यापीठातल्या मेर्वी केत्तुला नावाच्या संशोधिकेनं लिहिलं होतं: ‘गेल्या वसंतात तुम्ही आम्हाला चार दिवसांच्या जेवणाची रोजनिशी लिहून दिलीत, आणि एका दिवसाच्या लघवीचा नमुनाही दिलात. या दोहोंचा मेळ बसत नाही. रोजनिशीत जितकी प्रथिनं आहेत, त्यांच्या निम्मी खाल्ल्याच्याही खुणा नमुन्यात दिसत नाहीत. यात तुमचा दोष आहे असं मी समजत नाही. माणूस चुकीचं उत्तर देतो, तेव्हा बहुधा प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. आमचा प्रश्न कुठे चुकला, एवढं मला सांगाल का?’

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं. इतक्या सरळपणानं विचारणाऱ्या बाईला काय लिहायचं, ते सालोवारांना कळेना. त्यांनी पाच-सहा कच्चे मसुदे केले, आणि सगळे शेगडीत घातले.

झालं होतं ते असं. त्या वसंतात सगळ्या प्रांतात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या खाण्याची पाहणी निघाली होती. हाविस्तोतले एकोणचाळीस जण तीत होते. प्रत्येकाला एक छोटा वजनकाटा, वेगवेगळ्या मापाच्या ताटल्यांच्या चित्रांचं पुस्तक आणि एक वही मिळाली. बुधवार ते शनिवार, जे तोंडात जाईल ते लिहायचं. त्यातल्या एका दिवशी दिवसभराची लघवी एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवायची. सालोवारांनी तो कॅन बायकोच्या विणकामाच्या पिशवीतून दवाखान्यात नेला. वाटेत नेमके चर्चचे पाद्री भेटले आणि म्हणाले, “अरे वा, विणायला शिकलात की काय?” सालोवारा लाल झाले आणि हो म्हणाले. पुढे दोन महिने पाद्री त्यांना मोज्यांबद्दल विचारत होते.

कॅन प्रामाणिक होता. वही नव्हती.

त्यांची बायको आयली जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी सालोवारा वही उघडून बसले. दिवसभरात त्यांनी राय धान्याचे कडक पाव तीन, लोणी आणि पाच कप कॉफी एवढंच घेतलं होतं. पेन्सिल हातात घेतली आणि कागदावर उमटलं: ‘माशाचं सूप, दूध घालून. बटाटे चार. वर शेपू.’ बुधवारी आयली तेच करायची. लबाडी करतोय असं त्यांना वाटलंच नाही. त्यांचा हात फक्त आठवणीनं चालला होता. गुरुवारी त्यांनी लिहिलं: ‘वाटाण्याचं सूप, मोहरी लावून. नंतर पॅनकेक, जॅमसह.’ गुरुवारी दुसरं काय असणार? शाळेत, सैन्यात, इस्पितळात, जिथे म्हणून माणूस पंगतीला बसतो तिथे गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं. शनिवारपर्यंत वही आयलीच्या स्वयंपाकानं भरली, आणि सालोवारा मात्र कडक पावावरच राहिले.

ही गोष्ट तिथेच विरून गेली असती. पण या वर्षी मार्चमध्ये त्यांना प्रांताच्या संशोधन निधी मंडळावर बोलावणं आलं. करातून जमा झालेल्या पैशातला थोडा वाटा संशोधनाला द्यायचा असतो. तो कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या सात जणांत तीन साधे नागरिक असावेत, असा नियम आहे. कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं होतं. आपल्याला कोण विचारतं, आपण काय बोलणार, असं म्हणत सालोवारा दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत राहिले आणि शेवटी हो म्हणाले, कारण नाही म्हणायचं तर फोन करावा लागला असता.

कागदपत्रांचं जाड बाड घरी आलं. नऊ प्रस्ताव होते, पैसे तिघांपुरते. पाचव्या प्रस्तावाशी सालोवारांची कॉफी कपातच थंड झाली. ‘एकट्या राहणाऱ्या व्यक्ती काय खातात हे मोजण्याच्या पद्धतींचा अभ्यास.’ खाली सही: मेर्वी केत्तुला.

बाड बाजूला ठेवावं असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. पण छापील कागद समोर असताना तो न वाचणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि वाचतच गेले. माणूस काय खातो हे कळायला इतकं अवघड असेल, याची त्यांना कल्पनाच नव्हती. ‘काल काय खाल्लंत?’ असं विचारावं, तर माणूस विसरतो. वजन करून लिहायला सांगावं, तर वजन करायच्या कंटाळ्यानं तो खायचंच सोडतो. ताटाचा फोटो काढावा, तर सुपाच्या तळाशी काय आहे ते दिसत नाही. एक पद्धत तर अशी होती की जे जे खाल, तेवढंच पुन्हा एका बादलीत टाकायचं आणि बादली प्रयोगशाळेत पाठवायची. केसांतून, रक्तातून, लघवीतून काय काय कळतं आणि काय कळत नाही. दुकानाच्या पावत्यांवरून किती अंदाज येतो. सालोवारा तास दोन तास खिळून बसले. मग उठून त्यांनी तो जुना छोटा काटा माळ्यावरून काढला आणि आपल्या हातातल्या पावाच्या तुकड्याचं वजन केलं. अकरा ग्रॅम. इतकंसंच? त्यांना उगीचच गंमत वाटली.

शेवटच्या पानावर मात्र गंमत संपली. मागच्या पाहणीत हाविस्तोच्या एकोणचाळिसांपैकी तेहतीस जणांच्या वह्या आणि नमुने जुळले नव्हते, असं केत्तुलाबाईंनी लिहिलं होतं. सगळ्यांना पत्रं पाठवली, उत्तरं चौघांची आली. ‘लोक का लपवतात हे कळल्याशिवाय कुठलीही पाहणी विश्वासार्ह होणार नाही. निधी न मिळाल्यास हे काम जूनमध्ये बंद करावं लागेल.’

पहिली बैठक शहरात झाली. अध्यक्षस्थानी रित्वा ओक्सानेन होत्या, निवृत्त न्यायाधीश, आवाज न चढवता खोली शांत करणाऱ्या. सालोवारांच्या शेजारी तौनो वेस्तेरीनेन बसला होता, लाकडाच्या गिरणीचा मालक, तोही नागरिक सदस्य. पाचवा प्रस्ताव निघाला तसा तो खुर्चीत मागे रेलला.

“लोकांना काय जेवलात विचारायला दोन लाख युरो?” तो म्हणाला. “माझी आई फुकट विचारायची. रोज.”

सगळे हसले. सालोवाराही हसले, जरा जास्तच. मग कच्च्या पसंतीच्या चिठ्ठ्या भरायच्या होत्या. त्यांनी आपल्या चिठ्ठीत पाचव्या प्रस्तावाला नववा क्रमांक दिला. एकदा का हे काम बंद झालं की त्या पत्राचंही कोणी विचारणार नाही, हे त्यांनी मनातसुद्धा स्पष्ट शब्दांत म्हटलं नाही. पण हात तसाच चालला, वहीत चालला होता तसा.

बुधवारी खालच्या मजल्यावरच्या हिल्काबाई जिन्यात पडल्या.

हिल्काबाई चौऱ्याऐंशीच्या. हाविस्तोच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या, आणि अजूनही कोणाच्या कोटाचं बटण लोंबताना दिसलं की थांबवून टोकायच्या. हाड मोडलं नव्हतं. पण आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरनं त्यांना तिथेच ठेवून घेतलं आणि सालोवारांना बाजूला घेऊन सांगितलं की बाईंचं वजन एकेचाळीस किलो आहे, पाय घसरला नाही, अंगात त्राणच नाही. “नीट जेवत नव्हत्या का?” डॉक्टरनं विचारलं. तीस वर्षांच्या शेजारधर्मात त्यांनी तो प्रश्न कधी विचारला नव्हता. आपल्याकडे कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी हिल्काबाईंसाठी दही आणि केळी घ्यायला ते कायसूच्या दुकानात गेले. हाविस्तोत दुकान एकच. कायसूला ते वडिलांकडून मिळालेलं, आणि गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर बसून ती सगळ्या गावाच्या टोपल्या बघत असे. हिल्काबाईंचं कळल्यावर तिनं हातातलं चीज खाली ठेवलं.

“त्या महिन्यातून दोनदा यायच्या, काका,” ती म्हणाली. “कॉफी, टोस्ट आणि खिडकीतल्या पाखरांसाठी दाणे. पाखरांचं पोट त्यांच्यापेक्षा नीट भरत असेल. चर्चच्या सभागृहातलं जेवण बंद झालं तेव्हाच मी म्हटलं होतं, आता हे होणार.”

मंगळवारी आणि गुरुवारी सभागृहात म्हाताऱ्यांची पंगत बसायची. निम्मा खर्च नगरपालिका करायची. सालोवारा बुजरे, ते आयली गेल्यावर चारदोनदाच गेले होते आणि टोकाच्या खुर्चीवर बसून परत आले होते. हिल्काबाई मात्र कधी चुकवत नसत. दीड वर्षापूर्वी ती पंगत बंद झाली.

“का बंद झाली, माहितीय ना तुम्हाला?” कायसूनं विचारलं.

सालोवारांना नीट माहीत नव्हतं. तिनं सांगितलं. पाहणीच्या त्या आठवड्यात सभागृहाची जमीन दुरुस्तीला काढली होती, पंगत बंद होती. वह्या जमा झाल्या. नमुन्यांचे निकाल यायला बरेच महिने लागणार होते, तेवढं थांबायला कोणाला वेळ नव्हता. नगरपालिकेनं नुसत्या वह्यांवरून अहवाल केला: सभागृह बंद असतानासुद्धा एकटे म्हातारे उत्तम जेवतात, सबब पंगतीची गरज नाही. कायसू त्या सभेला गेली होती. अहवालात तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं की त्या गुरुवारी हाविस्तोतल्या एकोणचाळिसांपैकी चौतीस जणांनी वाटाण्याचं सूप खाल्लं.

“चौतीस जणांनी!” ती म्हणाली. “मी घरी येऊन त्या आठवड्याची विक्री काढून पाहिली. सुपाचे डबे गेले नऊ. सुके वाटाणे तीन पाकिटं. आणि मला सांगा काका, एकट्या माणसासाठी वाटाण्याचं सूप कोण शिजवतं? रात्रभर वाटाणे भिजत घालायचे, डुकराचं मांस तासन् तास शिजवायचं, आणि जेवायला कोण? तर आपण आणि भिंत. मी सभेत उठून हे सांगितलं. ते म्हणाले, दुकानाचा गल्ला म्हणजे शास्त्र नव्हे.”

सालोवारांनी केळी चाचपून पाहिली. मग हळूच म्हणाले, “मग असली पाहणी काय कामाची? तिच्यावर आणखी सरकारी पैसा घालायचा कशाला?” आपण चोरासारखं बोलतोय असं त्यांना वाटलं, पण बोलून झालं होतं.

कायसूनं गल्ल्याशेजारचा वजनकाटा त्यांच्याकडे फिरवला. काट्याच्या बाजूला एक छोटी सरकारी चिकटपट्टी होती.

“ही बघा. ठरलेल्या मुदतीत एक माणूस वजनं घेऊन येतो आणि हा काटा तपासतो. तुम्ही इतकी वर्षं माझ्याकडून चीज घेताय, कधी शंका घेतलीत? नाही घेतलीत, कारण कोणीतरी काटा तपासलाय. समजा उद्या काटा चुकीचा दाखवायला लागला, तर मी वजन करणं सोडून हातानं अंदाजे देऊ, की काटा दुरुस्त करून घेऊ?”

“दुरुस्त करून घ्याल.”

“मग? काटा दुरुस्त करायचा खर्च कोणाला दिसत नाही, काका. पंगतीचा खर्च दिसतो, इस्पितळाच्या खाटेचा दिसतो. पण खोट्या काट्यावर मोजून गावानं पंगत बंद केली, आणि आता हिल्काबाईंच्या खाटेचा खर्च कोण करतंय? आपणच ना?” तिनं दह्याचे पैसे घेतले आणि सहज म्हणाली, “त्या एकोणचाळिसांत तुमचं नाव होतं का हो?”

सालोवारांनी टोपी घातली आणि ते निघाले. केळी आणि दही गल्ल्यावरच राहिलं. कायसू ते घेऊन दारापर्यंत धावत आली. तिनं पुन्हा काही विचारलं नाही. गेली तीन वर्षं ती त्यांचीही टोपली पाहत होती.

आरोग्य केंद्रात हिल्काबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि परिचारिकेच्या गणवेशाच्या शिवणीकडे नापसंतीनं बघत होत्या. सालोवारांनी दही पुढे केलं. मग त्यांनी विचारलं की पाहणीच्या वहीत त्यांनी गुरुवारी काय लिहिलं होतं.

हिल्काबाईंनी चमचा खाली ठेवला. “वाटाण्याचं सूप,” त्या म्हणाल्या. “का रे?”

“आणि खाल्लं काय होतं?”

“दोन टोस्ट. कॉफीत बुडवून.” त्या खिडकीकडे बघू लागल्या. “आता हे ती विद्यापीठातली पोरगी वाचणार, आणि तिला वाटणार, एवढी शाळेत शिकवलेली बाई, आणि हिला स्वतःचं साधं जेवण होईना? मला दया नको होती कोणाची. आणि गुरुवार होता. गुरुवारी माझ्या घरात चाळीस वर्षं सूप झालेलं आहे.”

“पॅनकेकही लिहिला?”

“लिहिला. जॅमसकट.”

“मीही,” सालोवारा म्हणाले.

हिल्काबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे नीट बघितलं. “तू? कसला जॅम?”

“स्ट्रॉबेरीचा.”

“मी रास्पबेरीचा लिहिला. घरचा.” आणि त्या हसायला लागल्या. अंगात ताकद नव्हती म्हणून आवाज न करता, नुसते खांदे हलवत. सालोवारांनाही हसू आवरेना. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा पेपर खाली करून म्हणाला, “मी तर मांसही वजन करून लिहिलं होतं. एकशे वीस ग्रॅम. घरात काटा होता, मांस नव्हतं.” मग तोही हसायला लागला.

हसणं ओसरल्यावर हिल्काबाईंनी पापण्यांच्या कडा पुसल्या. “आपल्याच सुपानं आपली पंगत बुडवली की रे, एर्की,” त्या म्हणाल्या. “कोणापुढे मोठेपणा मिरवत होतो आपण?”

शेवटची बैठक मंगळवारी होती. बसमध्ये सालोवारा स्वतःशी वाक्यं जुळवत राहिले आणि शहर येईपर्यंत सगळी विसरले. मंडळात ते आजवर ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ एवढंच बोलले होते. दोन प्रस्तावांवर एकमत झालं. तिसऱ्या जागेसाठी तळ्यातल्या शेवाळाचा अभ्यास आणि केत्तुलाबाईंचा अभ्यास असे दोन उरले. शेवाळाचं पारडं जड होतं. ओक्सानेनबाई मत घेणार, तेवढ्यात सालोवारांनी हात वर केला. तो हात आपलाच आहे यावर त्यांचाही विश्वास बसला नाही.

त्यांनी सांगितलं. वही, माशाचं सूप, शेपू, कॅन, विणकामाची पिशवी, चौदा महिने पडलेलं पत्र. मध्येच थांबून ते घोटभर पाणी प्यायले. मग हिल्काबाईंचं नाव न घेता एकेचाळीस किलोंचं सांगितलं, आणि गल्ल्यावरच्या काट्याचं सांगितलं. “मागच्या बैठकीत मी या प्रस्तावाला नववा क्रमांक दिला,” ते म्हणाले. “तो प्रस्ताव वाईट होता म्हणून नाही. मला माझं खोटं झाकायचं होतं. तुमच्यासमोर जे आकडे आहेत, त्यांतला एक खोटा आकडा मी आहे. बाकीचे अडतीस कसे असतील, ते मी कोणत्या तोंडानं सांगू? पण माझ्यासारख्याला खरं बोलता येईल असा प्रश्न कसा विचारायचा, हे कोणालातरी शिकावं लागेल. ते आपोआप येत नाही. ते शिकायला पैसे लागतात.”

ओक्सानेनबाईंनी चष्मा काढला. त्या जरा हळूच म्हणाल्या, “सालोवारा, तुम्ही सांगितलंत हे चांगलं केलंत. पण या अभ्यासात तुम्ही स्वतः होता आणि संशोधिकेचं पत्र तुमच्याकडे आहे. नियमाप्रमाणे या प्रस्तावावर तुम्हाला मत देता येणार नाही. तुम्हाला बाहेर बसावं लागेल.”

हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. खरं बोलायचं धाडस केलं, आणि ज्यासाठी केलं ते एक मतही हातचं गेलं. ते उठले, खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि व्हरांड्यात जाऊन बसले. समोरच्या भिंतीवर कोटांच्या खुंट्या होत्या. त्यांनी त्या मोजल्या. बावीस. परत मोजल्या.

पंधरा-वीस मिनिटांनी दार उघडलं आणि तौनो वेस्तेरीनेन बाहेर आला. तो सालोवारांच्या शेजारी येऊन बसला.

“चार विरुद्ध दोन,” तो म्हणाला. “मिळाले तुमच्या बाईला पैसे. सगळे नाहीत. दोन वर्षांपुरते, आणि पहिल्या वर्षी हाविस्तोतच परत पाहणी करायची, नमुन्यांचे निकाल आल्याशिवाय कोणी अहवाल काढायचा नाही, या अटीवर.”

“तुम्ही कुठल्या बाजूला होतात?”

“काय ग्रंथपाल, तेही विचारता?” तौनो हसला, पण नेहमीसारखा नाही. “माझी आई फुकट विचारायची, हे खरं. शाळेत काय जेवलास, रोज विचारायची. यकृत घातलेला भात असला की मी ताट तसंच ठेवून उठायचो, आणि तिला सांगायचो, दोनदा वाढून घेतलं. तिला वाटायचं पोरगं नीट खातंय. मग हा वाळत का चाललाय म्हणून तिनं मला तीन डॉक्टरांकडे फिरवलं. तुम्ही बोलत होतात ना, तेव्हा ते आठवलं.”

सभागृहातली पंगत अजून सुरू झालेली नाही. नगरपालिकेनं ‘नव्या आकड्यांची वाट पाहू’ असं कळवलं आहे, आणि या वेळी निदान वाट पाहणार आहेत. पण हिल्काबाई घरी आल्यावरच्या पहिल्या गुरुवारी सालोवारांनी रात्री भिजवलेले वाटाणे मोठ्या पातेल्यात चढवले. लहान पातेल्यात ते सूप होतच नाही. तळ थोडा लागला. हिल्काबाईंनी एक चमचा चाखला, मोहरी मागून घेतली आणि म्हणाल्या की आयली हे बघून परत मेली असती. मग त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. कायसू दुपारी दुकान बंद करून स्वतःच्या वाटीसह आली. सालोवारांनी गमतीनं आपली ताटली काट्यावर ठेवली. तीनशे ऐंशी ग्रॅम.

या गोष्टीतून काही घ्यायचं असेल, तर ते एवढंच. ज्या मापानं गाव आपल्या माणसांची काळजी मोजतं, ते माप खरं असावं, यासाठी सगळ्यांनी मिळून खर्च करणं ही उधळपट्टी नव्हे. आणि माप खरं ठेवणं नुसत्या शास्त्रज्ञांच्या हातात नसतं. ज्याला विचारलं जातं, त्यानंही खरं सांगावं लागतं. लाज वाटली तरी. एकट्याचं रिकामं ताट हा गुन्हा नाही. पण ते भरलेलं आहे असं लिहून दिलं, की शेजारच्या ताटातलंही जातं.

दोघी गेल्यावर सालोवारांनी भांडी घासली, हात कोरडे केले आणि खणातून ते पत्र काढलं. त्याला कॉफीचा वास लागला होता. या वेळी त्यांनी कच्चा मसुदा केला नाही.

‘आदरणीय केत्तुलाबाई, उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. बुधवारी मी राय धान्याचे तीन पाव खाल्ले होते. गुरुवारी दोन. शुक्रवारी आणि शनिवारी किती, ते आठवत नाही. सूप, मासे, बटाटे आणि पॅनकेक माझ्या दिवंगत पत्नीचे होते. तुम्ही विचारलं होतं, प्रश्न कुठे चुकला. मी शास्त्रज्ञ नाही, माझं चुकतही असेल. पण तुम्ही विचारलंत, काय खाल्लं, आणि किती. कोणाबरोबर खाल्लं, हे आधी विचारलं असतंत, तर बहुतेक मी खरं लिहिलं असतं.’

त्यांनी सही केली, तिकीट लावलं आणि कोट घातला. वरच्या बटणाचा दोरा लोंबत होता. हिल्काबाईंच्या दारावरून जाताना त्यांनी तो हातानं झाकून घेतला, मग विचार करून झाकणं सोडलं. रस्त्याच्या कडेचा बर्फ वितळत होता. कोपऱ्यावरची टपालाची नारिंगी पेटी चार वाजता उघडतात, आणि चाराला पाच मिनिटं होती. सालोवारांनी पाकिटावरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला, आणि पत्र पेटीत टाकलं.